अपेक्षित अपयश आणि दडलेली पीछेहाट

यंत्राला माणसाची भाषा कळत नाही आणि यंत्राच्या भाषेत लिहीत बसणे माणसाला परवडत नाही. या दोघांच्या मध्ये उभा असलेला दुभाषा म्हणजे कंपायलर. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य सी, सी प्लस प्लस, फोरट्रान यांसारख्या भाषेत आपले म्हणणे मांडतो आणि कंपायलर त्याचे यंत्राला समजेल अशा आज्ञांमध्ये रूपांतर करतो. आज आपल्या हातातील मोबाईल, बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण आणि रुग्णालयातील उपकरण या सर्वांच्या मुळाशी कुठल्या तरी कंपायलरने केलेले भाषांतर असते. हा दुभाषा खरा बोलतो की नाही हे कसे तपासावे, आणि काल खरे बोलणारा आज चुकू लागला तर ते कसे ओळखावे, हा या लेखाचा विषय आहे.

संस्थेच्या स्मरणिकेत असा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची आमच्यापुरती दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, वसतिगृहात राहून शिकलेली आपली अनेक मुलेमुली आज पुणे, हैदराबाद, बेंगळुरू येथे सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करतात आणि ते नेमके काय करतात हे त्यांच्या आईवडिलांना व गुरुजनांना ठाऊक नसते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या तांत्रिक विषयाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे: ज्याच्याकडून अपयशच अपेक्षित आहे असे आपण एकदा लिहून ठेवले, त्याच्याकडे आपण पुन्हा कधी पाहतो का? हा प्रश्न यंत्राचा जेवढा आहे, तेवढाच शाळेचाही आहे.

दुभाषा आणि त्याची परीक्षा

कंपायलरचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत ग्रेस हॉपर या विदुषीने १९५२ साली ए-झिरो ही प्रणाली तयार केली. तिला या वंशातील आद्य कृतींपैकी एक मानतात. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीतील गटाने फोरट्रानचा कंपायलर सिद्ध केला. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी, अशी त्यामागची भूमिका होती. ज्ञानावर कुणाचीही मक्तेदारी नसावी असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना ती जवळची वाटेल. पुढे २००० साली इलिनॉय विद्यापीठात एलएलव्हीएम या प्रकल्पाचा आरंभ झाला. तो ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी केला. अडवे हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. त्याच पवईच्या आयआयटीत पुढे जीसीसीच्या अंतरंगाचे शिक्षण देणारे अभ्यासकेंद्रही चालवले गेले.

न्यायालयात साक्षीदार खरे बोलला, पण दुभाषाने चुकीचे सांगितले, तर शिक्षा निरपराध्याला होते आणि चूक कोणाची हे कोणालाच कळत नाही. कंपायलरच्या चुकीचे स्वरूप असेच आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सर्व काही बिनचूक लिहिलेले असते, तरी उत्तर चुकते. बिचारा आपल्याच लिखाणात दोष शोधत रात्री जागवतो. म्हणून कंपायलरची परीक्षा इतर कुठल्याही प्रोग्रामपेक्षा अधिक काटेकोर घ्यावी लागते.

ही परीक्षा कशी घेतात? त्यासाठी हजारो छोटे प्रोग्राम लिहून ठेवलेले असतात. त्यांच्या समुच्चयास चाचणीसंच म्हणतात. नमुन्यादाखल एक प्रोग्राम घेऊ. एक ते दहा या संख्यांची बेरीज करावी, ती ५५ आली तर गुपचूप संपावे, अन्यथा तेथेच कोसळून पडावे, एवढेच त्याचे काम. कंपायलरने याचे भाषांतर करायचे आणि ते यंत्रावर चालवून पाहायचे. प्रोग्राम शांतपणे संपला तर चाचणी उत्तीर्ण, कोसळला तर अनुत्तीर्ण. गंमत अशी की हुशार कंपायलर ही बेरीज यंत्राकडून करवून घेतच नाही. भाषांतर करतानाच उत्तर ५५ येणार हे ओळखून तो थेट तेवढेच लिहितो. या हुशारीला ऑप्टिमायझेशन म्हणतात, आणि कंपायलर बहुधा चुकतो तो या हुशारीच्या भरातच. म्हणून जीसीसीच्या संचातील अशा अनेक चाचण्या एकदाच न घेता, हुशारी बंद ठेवून, थोडी वापरून, पुष्कळ वापरून, अशा निरनिराळ्या पातळ्यांवर घेतात. एकाच प्रोग्रामच्या निकालाच्या त्यामुळे अनेक ओळी होतात. केवळ सी भाषेचा विचार केला तरी जीसीसीच्या एका पूर्ण परीक्षेत एक लाखाहून अधिक निकाल नोंदले जातात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ‘चाचणी नापास झाली’ असे बोलण्याची रीत आहे, परंतु चाचणीचा प्रोग्राम काल होता तसाच आज आहे. नापास होतो तो कंपायलर. चाचणी केवळ त्याचा दोष दाखवून देते.

पीछेहाट म्हणजे काय?

कंपायलर एकदा लिहून पूर्ण होणारी वस्तू नव्हे. जगभरातील शेकडो माणसे त्यात रोज बदल करीत असतात. कोणी जुना दोष काढतो, कोणी नव्या यंत्रासाठी सोय करतो, कोणी वेग वाढवतो. असा बदल करताना पूर्वी नीट चालणारी गोष्ट बिघडली, तर त्या बिघाडाला इंग्रजी शब्द वापरून रिग्रेशन म्हणतात. आपण त्याला पीछेहाट म्हणू.

जुना दोष आणि पीछेहाट यांत मोठे अंतर आहे. जी गोष्ट कधीच चालत नव्हती, तिच्यावर कोणी विसंबलेले नसते. जी काल चालत होती, तिच्यावर असंख्य लोक विसंबून असतात, आणि ती त्यांच्या नकळत हिरावली जाते. पीछेहाटीची एक बाजू मात्र सोयीचीही आहे. तिचे कारण जवळच असते, म्हणजे काल आणि आज यांच्या दरम्यान झालेल्या बदलांतच ते सापडते. लवकर लक्षात आली तर ती काही तासांत दुरुस्त होते, आणि लक्षात न आली तर वर्षानुवर्षे तिच्यावर नवे मजले चढत जातात. म्हणूनच जीसीसीमध्ये बदल सुचवणाऱ्याने आधी कंपायलरकडून कंपायलरचेच भाषांतर करवून घ्यावे, नंतर संपूर्ण चाचणीसंच चालवावा आणि बदलापूर्वीचे व बदलानंतरचे निकाल ताडून पाहावेत, असा दंडक आहे.

अपयश अपेक्षित का धरावे?

सर्व चाचण्या नेहमी उत्तीर्ण होत असत्या, तर पीछेहाट ओळखणे सोपे झाले असते. एकही अनुत्तीर्ण दिसली की घंटा वाजवायची. परंतु कुठलाही मोठा कंपायलर पूर्ण निर्दोष नसतो. काही दोष माहीत असतात, पण ते काढायला वेळ लागणार असतो. काही केवळ एखाद्या विशिष्ट यंत्रावरच प्रकटतात. अशा दोषांकडे बोट दाखवणाऱ्या चाचण्यांचे काय करावे?

तीन मार्ग संभवतात. पहिला, चाचणी काढून टाकणे. म्हणजे दोष तसाच राहतो आणि त्याची आठवणही पुसली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा मार्ग चांगला परिचित आहे. नोंदच नष्ट केली की अन्याय झालाच नव्हता असे म्हणता येते. दुसरा मार्ग, चाचणी तशीच ठेवून रोज ‘अनुत्तीर्ण’ हा निकाल पाहत राहणे. यात प्रामाणिकपणा आहे, पण डोळे सरावतात. रोज चाळीस अपयशे पाहणाऱ्याला एकेचाळिसावे दिसत नाही. तिसरा मार्ग, चाचणी ठेवायची, ती रोज चालवायचीही, पण तिच्यावर स्पष्ट लिहायचे की ‘अमुक यंत्रावर अमुक कारणाने ही सध्या अपयशी ठरेल हे आम्हांस ठाऊक आहे.’ यालाच अपेक्षित अपयश म्हणतात.

जीसीसीची चाचणी डेजाग्नू नावाच्या साधनाने घेतली जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी सिग्नस या कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी ते घडवले. त्यातील निकालाचे शब्द पॉसिक्स १००३.३ या प्रमाणकाला अनुसरून आहेत. ‘पास’ म्हणजे उत्तीर्ण, ‘फेल’ म्हणजे अनुत्तीर्ण, ‘एक्सफेल’ म्हणजे अपेक्षित अपयश आणि ‘एक्सपास’ म्हणजे अनपेक्षित यश. यांखेरीज आणखी तीन शब्द आहेत. ‘अनरिझॉल्व्हड’ म्हणजे निकाल काय तेच ठरवता आले नाही, ‘अनटेस्टेड’ म्हणजे चाचणी घेतलीच गेली नाही, आणि ‘अनसपोर्टेड’ म्हणजे या यंत्रावर ही चाचणी लागूच पडत नाही. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या दोनच रकान्यांत जग बसत नाही, हे या शब्दांनी मान्य केले आहे.

बेरजेचा धोका

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, एका संचात १,००० चाचण्या आहेत. काल ९९० उत्तीर्ण आणि १० अनुत्तीर्ण होत्या. एका गृहस्थाने कंपायलरमध्ये बदल केला. आज पुन्हा ९९० उत्तीर्ण आणि १० अनुत्तीर्ण. काही बिघडले नाही, असा निष्कर्ष काढता येईल का?

मुळीच येणार नाही. या बदलामुळे जुन्या दहांपैकी दोन सुधारल्या असतील आणि काल उत्तीर्ण असलेल्या दोन नव्याने कोसळल्या असतील. बेरीज तीच राहिली, माणसे बदलली. दोन घरे उजळली म्हणून दोन घरांतला अंधार हिशेबात दिसेनासा झाला. किंबहुना एकूण उत्तीर्ण संख्या वाढलेली असतानाही पीछेहाट झालेली असू शकते. पाच सुधारल्या आणि तीन बिघडल्या, तर बेरीज दोनाने वाढते आणि बदल करणाऱ्याची पाठ थोपटली जाते.

म्हणून पहिला नियम असा की तुलना बेरजेची नव्हे, नावनिशीवार करावी. डेजाग्नू प्रत्येक चाचणीचे नाव आणि तिचा निकाल एकेका ओळीत लिहून ठेवते. कालची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून प्रत्येक नावासमोरचा निकाल ताडायचा. जीसीसीसोबत यासाठी ‘कंपेअर टेस्ट्स’ नावाचे एक छोटे साधनच दिलेले आहे. ते केवळ ‘पूर्वी चालत होत्या, आता कोसळतात’ एवढेच सांगून थांबत नाही. पूर्वी कोसळत होत्या पण आता चालतात अशा, नव्याने दाखल होऊन अनुत्तीर्ण झालेल्या, आणि पूर्वी उत्तीर्ण होत्या पण आता यादीतून नाहीशाच झालेल्या चाचण्यांची ते वेगवेगळी यादी देते. या पद्धतीला एक पथ्य मात्र आहे. प्रत्येक चाचणीचे नाव एकमेव असले पाहिजे. एकाच नावाच्या दोन ओळी असतील, तर कुठली सुधारली आणि कुठली बिघडली याचा उलगडा होत नाही. ज्याला स्वतःचे नाव नाही, त्याचे नुकसानही नोंदले जात नाही.

चार संक्रमणे

नावनिशीवार तुलना करू लागलो की कालचा निकाल आणि आजचा निकाल अशा जोड्या तयार होतात. त्यांतील चार जोड्या विशेष लक्षपूर्वक पाहाव्या लागतात.

पहिली जोडी, काल उत्तीर्ण आणि आज अनुत्तीर्ण. ही उघड पीछेहाट होय. येथे वाद नाही. तरीही घाईने बदल करणाऱ्याला दोष देण्यापूर्वी तीच चाचणी पुन्हा चालवून पाहावी. यंत्रावर भार अधिक असल्याने काही चाचण्या ठरलेल्या वेळेत संपत नाहीत आणि निष्कारण अनुत्तीर्ण ठरतात. अशा लहरी चाचण्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. अन्यथा ‘ती तर अधूनमधून पडतेच’ या वाक्याच्या आडून खरा दोषही सुटून जातो.

दुसरी जोडी, काल अपेक्षित अपयश आणि आज अनपेक्षित यश. वरवर पाहता ही आनंदाची वार्ता आहे. मग तिची दखल कशासाठी? कारण शिक्का आता खोटा ठरला आहे. तो तसाच राहू दिला, तर उद्या ती चाचणी पुन्हा कोसळली तरी ‘अपेक्षितच होते’ म्हणून कोणी मान वर करून पाहणार नाही. मिळवलेले यश असे नकळत गमावले जाते. म्हणून एलएलव्हीएमच्या ‘लिट’ या चाचणीसाधनात अनपेक्षित यश हेसुद्धा अपयशाच्या रकान्यात धरतात. शिक्का पुसल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. अर्थात यश खरे आहे की योगायोगाचे, हे आधी तपासावे लागते. कधी दोष गेलेला नसतो, दुसऱ्या एखाद्या बदलामुळे तो केवळ झाकलेला असतो.

तिसरी जोडी, काल उत्तीर्ण आणि आज अपेक्षित अपयश. हे आपोआप घडत नाही. कोणीतरी चाचणीच्या माथ्यावर मुद्दाम शिक्का मारलेला असतो. क्वचित त्याला सबळ कारण असते. पुष्कळदा मात्र आपल्या बदलामुळे झालेली मोडतोड झाकण्याचा तो सोपा उपाय असतो. निकालपत्रक स्वच्छ दिसते, एकही अनपेक्षित अपयश नाही, आणि तरी पीछेहाट झालेलीच असते. म्हणून कंपायलरमधील बदल तपासणाऱ्याने चाचण्यांच्या शिक्क्यांतील बदलही तितक्याच बारकाईने वाचावे लागतात.

चौथी जोडी सर्वांत फसवी आहे: काल उत्तीर्ण आणि आज ‘लागू नाही’ किंवा यादीतून गायब. हे कसे घडते ते समजून घेण्याजोगे आहे. एखाद्या यंत्रात विशिष्ट सोय आहे की नाही, हे ठरवण्यासाठी चाचणीसंच आधी एक चिमुकला प्रोग्राम कंपायलरकडून भाषांतरित करून घेतो. भाषांतर जमले तर सोय आहे असे मानून पुढील चाचण्या घेतल्या जातात, न जमले तर ‘येथे ही सोय नाही’ असे मानून त्या सर्व वगळल्या जातात. आता कंपायलर असा बिघडला की तो चिमुकला प्रोग्रामच भाषांतरित होईना, तर काय होईल? त्या सोयीच्या शेकडो चाचण्या एका फटक्यात वगळल्या जातील. अनुत्तीर्ण एकही नाही. परीक्षेला बसलेले सर्व उत्तीर्ण. जे बसलेच नाहीत, त्यांना कोण मोजतो?

शिक्का कसा असावा?

अपेक्षित अपयशाचा शिक्का ही आवश्यक गोष्ट आहे, पण तो कसा मारला जातो यावर सर्व काही अवलंबून आहे. त्यात तीन दोष शिरतात.

एक म्हणजे, शिक्का गरजेपेक्षा मोठा असतो. दोष केवळ एका जातीच्या यंत्रावर दिसत असताना, सोपे म्हणून ‘सर्व यंत्रांवर’ असे लिहिले जाते. डेजाग्नूमध्ये यंत्राचे नाव तीन भागांत लिहितात आणि तिन्ही भागांच्या जागी ताराचिन्हे टाकली की जगातील सर्व यंत्रे त्यात येतात. मग जेथे चाचणी उत्तम चालत होती, तेथील पहाराही उठतो.

दुसरा दोष असा की शिक्का अपयशाचा प्रकार पाहत नाही. चाचणी चुकीचा इशारा मिळाल्यामुळे अपयशी ठरत होती असे समजा. पुढे कंपायलर तोच प्रोग्राम वाचताना स्वतःच कोसळू लागला. हे पूर्वीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. परंतु लिटसारख्या साधनात कुठल्याही कारणाने आलेले अपयश ‘अपेक्षित’ या एकाच रकान्यात जाते. पडलेल्याला आणखी खाली ढकलले, तरी नोंदीत तो ‘पडलेला’च राहतो. यावर उपाय म्हणून अपेक्षित अपयशाचे नेमके स्वरूप लिहिण्याची पद्धत आली. रस्ट या भाषेच्या कंपायलरमध्ये, ज्या प्रोग्रामांमुळे कंपायलर कोसळतो त्यांचे स्वतंत्र दालन आहे. तेथील प्रोग्रामने कोसळवणे थांबवले की परीक्षा थांबून सांगते: याला आता या दालनातून हलवा आणि नेहमीच्या चाचण्यांत बसवा.

तिसरा दोष, शिक्क्याला कारण आणि वारस नसतो. कोणी, केव्हा आणि का मारला हे लिहिलेले नसते. जीडीबी या दोषशोधक साधनाच्या संचात याबाबत एक सुंदर भेद केलेला आहे. दोष बाहेरचा, म्हणजे कंपायलरचा किंवा यंत्रप्रणालीचा असेल, तर ‘एक्सफेल’. दोष आपल्याच साधनाचा असेल, तर ‘के-फेल’, आणि त्यासोबत दोषनोंदवहीतील क्रमांक लिहिणे बंधनकारक. परिस्थितीमुळे आलेले अपयश आणि आपल्या उणिवेमुळे आलेले अपयश यांची गल्लत होऊ नये, आणि आपली उणीव असेल तर तिचा पाठपुरावा व्हावा, असा त्याचा अर्थ आहे.

काळाचा शोध

पीछेहाट झाली हे कळल्यावर ती कुठल्या बदलामुळे झाली हे शोधावे लागते. काल आणि आज यांच्यात एकच बदल असेल तर प्रश्न नाही. परंतु सहा महिन्यांनी लक्षात आले आणि दरम्यान हजार बदल झाले असतील, तर? तेव्हा मधला बदल निवडून चाचणी घेतात. तेथे ती उत्तीर्ण झाली तर दोष नंतरच्या अर्ध्या भागात, अनुत्तीर्ण झाली तर आधीच्या अर्ध्या भागात. पुन्हा त्या अर्ध्याचे अर्धे करायचे. अशा रीतीने सुमारे १,००० बदलांतून नेमका दोषी बदल अवघ्या दहा पायऱ्यांत सापडतो, कारण दोनाचा दहावा घात १,०२४ आहे. गिट या साधनात ही सोय ‘बायसेक्ट’ या नावाने आहे.

या शोधाची एक अट आहे. पूर्वी कधीतरी ही चाचणी उत्तीर्ण होत होती, असा एक भरवशाचा टप्पा हाती असावा लागतो. ज्या चाचणीवर पहिल्या दिवसापासून अपेक्षित अपयशाचा शिक्का आहे, जिचे मधले यश कोणी टिपून ठेवले नाही, तिचा इतिहास शोधताच येत नाही. ज्याच्या चांगल्या दिवसांची नोंद नाही, त्याची पीछेहाट सिद्ध करता येत नाही. शोषितांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना ही अडचण नवी नाही.

शाळेच्या निकालपत्रकाकडे

मूल म्हणजे प्रोग्राम नव्हे आणि शिक्षण म्हणजे भाषांतर नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही या शिस्तीतून शाळेने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दहावीचा निकाल लागला की शाळा टक्केवारी जाहीर करतात. गेल्या वर्षी नव्वद, यंदाही नव्वद. कोणती मुले पुढे गेली आणि आठवीत चांगले वाचणारी कोणती मुले दहावीत मागे पडली, हे या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी नावनिशीवार, वर्षानुवर्षांची नोंदवही लागते. त्याहून मोठा प्रश्न यादीतून गायब झालेल्यांचा आहे. खाजगीरीत्या परीक्षेस बसणाऱ्यांसाठी १७ क्रमांकाचा अर्ज असतो. शाळा सुटलेल्यांना दुसरी संधी मिळावी हा त्याचा चांगला हेतू आहे. परंतु कुठे कुठे नववीतल्या कच्च्या मुलालाच तो अर्ज भरण्याचा सल्ला दिला जातो, आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे गेलेला मुलगा आणि लग्न करून दिलेली मुलगी हीसुद्धा अनुत्तीर्णांत मोजली जात नाहीत. ती ‘लागू नाही’ या रकान्यात जातात.

आणि शिक्का? आपल्या समाजाने तो शतकानुशतके सोसला आहे. एका संपूर्ण समूहाच्या माथ्यावर ‘सर्व ठिकाणी, सर्व काळी अपयश अपेक्षित’ असे लिहिले गेले. कारण विचारायचे नाही आणि पुन्हा परीक्षा घ्यायची नाही. त्यातून कोणी यशस्वी झालाच, तर शिक्का खोटा ठरला असे न म्हणता यशावरच संशय घेतला गेला. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते या शिक्क्याला दिलेले आव्हान होते. मुलाला राहायला छप्पर, पोटाला अन्न आणि हातात पुस्तक देऊन परीक्षा पुन्हा घ्या, मग बघा, असेच जणू त्या कार्याचे म्हणणे होते. निवासी शाळा ही त्याच पुनर्परीक्षेची जागा आहे. मागे पडणारे मूल येथे शाळेचा दोष दाखवून देते. तपासायची ती शाळा.

बौद्ध परंपरेला ही वृत्ती परकी नाही. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश केला. भिक्खुसंघात दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होते. नियम सर्वांना पाठ असतात, तरीही प्रत्येक वेळी संपूर्ण यादी म्हटली जाते, कारण गेल्या पंधरवड्यातील शुद्धी या पंधरवड्याची हमी देत नाही. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या वेळी भिक्खू संघाला विनवतो की माझा दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा. दोष दाखवणाऱ्याला येथे शत्रू मानलेले नाही. चाचणीसंच लिहिणारे आणि चालवणारे लोक नकळत याच शिस्तीने वागतात.

आपल्या ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती आज हे काम आहे, त्यांनी ते कमी प्रतीचे समजू नये. बेरजेवर न विसंबता नाव वाचणे, गैरहजर कोण ते विचारणे आणि जुना शिक्का आजही खरा आहे का ते पाहणे, हे मोठे काम आहे. आणि आम्ही शिक्षकांनी नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आपापल्या वर्गाची जुनी पटनोंद काढून, तीत असलेली पण आज वर्गात नसलेली नावे आधी वाचावीत, एवढी विनंती करून आम्ही लेखणी ठेवतो. संस्थेच्या पुढील वाटचालीस मंगल कामना. जय भीम!